टिटवीच्या तळातलं पाणी

१४ जून १९९८, रविवार

आज रंकाळ्यात दोन तास होतो. वारा असा की शीड फाटतंय की काय वाटत होतं. मजा आली, आणि शेवटी व्हायचं तेच झालं. डावा बूट पाण्यात.

बूट म्हणजे नुसता बूट असता तर वाळत घातला असता. याला कॅलिपरच्या दोन लोखंडी पट्ट्या आहेत, मांडीपर्यंत, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेल्या. तिसऱ्या वर्षी पोलिओने पाय गेला तेव्हापासून हे सामान माझ्याबरोबर आहे. आता सव्वीस पूर्ण. भिजलं की चामडं दोन दिवस वाळत नाही, आणि दुसरा जोड नाही. ओलंच घालून कारखान्यात जावं लागतं.

देसाईकाका म्हणाले, “पाय जरा उचलून बस की!”

“उचलून कुठं ठेवू, तुमच्या डोक्यावर?”

ते हसले. उदयसिंह देसाई, आजऱ्याकडचे, नौदलात वीस वर्षं काढलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या भंगारातून ही फायबरची शिडाची होडी उचलून आणली, ‘टिटवी’ नाव ठेवलं आणि रंकाळ्यावर येईल त्याला शिकवतो म्हणाले. बरेच आले. टिकले मी एकटी. त्याला कारण आहे. होडीत कुणी चालत नाही, सगळे बसलेलेच असतात. तिथं माझ्यात आणि दुसऱ्यात फरक उरत नाही.

फक्त ते पाणी. आम्ही बसतो त्या खळग्याला काका कॉकपिट म्हणतात. त्याच्या मागच्या फळीत अंगठ्याएवढी दोन भोकं आहेत, आत आलेलं पाणी बाहेर जायला. पण ती उघडली की रंकाळाच आत येतो. म्हणून काकांनी लाकडी बुचं ठोकून ठेवलीत. मग लाटेचं पाणी आतच साठतं आणि काका एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने डालड्याच्या डब्याने उपसत बसतात. मी पुढच्या शिडाची दोरी धरून पाण्यात.

१७ जून, बुधवार

घोट्याच्या वर पट्ट्याखाली जखम झाली आहे. रुपयाएवढी. त्या पायाला दुखणं उशिरा कळतं, त्यामुळे मला आज दिसली. डॉक्टर रागावले. म्हणाले, ओल्या चामड्याने कातडं कुजतंय. महिनाभर पाणी बंद. पुन्हा अशी जखम घेऊन आलीस तर कॅलिपरच काढून ठेवायला लावीन, मग बस खाटेवर.

अव्वा, म्हणजे माझी आई, जेवतानाच म्हणाली, “बेडा. होडी बेडा. आता न्हाई म्हंजे न्हाई.” गडहिंग्लज सोडून तीस वर्षं झाली तरी ती चिडली की कानडीत शिरते.

अप्पा भाकरी मोडत राहिले. अप्पा होडीबद्दल कधीच काही बोलत नाहीत. एकदाही बघायला आले नाहीत. अव्वा भांडते ते परवडलं.

१८ जून

खाटेवर बसायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. नववीत पाच महिने बसले होते. खिडकीतून एक विजेचा खांब दिसायचा.

५ जुलै, रविवार

जखम भरत आली. दिवसभर कारखान्याच्या केबिनमध्ये बसून नुसता विचार. आमचा कारखाना उद्यमनगरात, तीन पत्र्याच्या शेडचा. अप्पा फूट व्हॉल्व्ह बनवतात. नदीवरच्या पंपाची नळी पाण्यात सोडतात तिच्या बुडाशी तो बसतो. पाणी वर जाऊ देतो, खाली परत येऊ देत नाही. मी ऑफिस बघते आणि ड्रॉइंग काढते. अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याचं पाणी आम्ही अडवतो आणि माझ्या होडीतलं मला काढता येत नाही, याची लाज वाटली.

मग वाटलं, अडवणं आणि काढणं एकच तर आहे. पाण्याने एकाच बाजूला जावं एवढंच म्हणायचंय.

१२ जुलै, रविवार

काकांच्या मागे लागून टिटवी ट्रॉलीवर घालून कारखान्यात आणली. अप्पांना विचारलं तर म्हणाले, “आण. कोपऱ्यात ठेव. कामाच्या मधे येऊ देऊ नको.” एवढंच.

पिराजीमामा, आमचे जुने फिटर, होडीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, “ही पाण्यात तरंगतीया व्हय?”

होडी स्टँडवर चढवून आत वीस बादल्या पाणी ओतलं. बुचं काढली. घड्याळ लावलं. पाणी संपायला अकरा मिनिटं, आणि तरीही डाव्या कोपऱ्यात चार बोटं उरलंच. मोठ्या वाऱ्यात दर अर्ध्या मिनिटाला लाट आत येते, काका म्हणतात.

वाकून बघितलं तर भोकाच्या तोंडाला पितळी जाळी, अर्धी हिरव्या किटाने बुजलेली. पुढे नळी, तिला काटकोनात बाक, आणि बाकात नळी आणखी अरुंद. पंपाला कुणी असला बाक लावला असता तर अप्पांनी त्याला दारातून परत पाठवला असता.

वहीत सगळं लिहून काढलं.

१६ जुलै, गुरुवार

जाळी काढली, बाक काढला. मागच्या फळीला दोन्ही कोपऱ्यांत, अगदी तळाला, सरळ आरपार अडीच इंचाची दोन भोकं पाडायची ठरवली. काका गेटातूनच ओरडले.

“अगं, होडीला भोकं पाडून कोरडी करायची व्हय? कुणी सांगितलं तुला हे?”

“पाण्याला मोठा दरवाजा पाहिजे, काका.”

“दरवाजातनं पाहुणा आत बी येतोय की!”

तरी पाडली. पुन्हा वीस बादल्या. पन्नास सेकंद! पिराजीमामांनी टाळी वाजवली. काकांनी भोकातून हात आरपार घालून बघितला. मी आज हवेत आहे.

१९ जुलै, रविवार

बुडालो.

अगदी बुडालो नाही, पण धक्क्यापासून वीस हात गेलो आणि दोन्ही भोकांतून रंकाळा आत आला. नळ सोडल्यासारखा. काका मागे, मी त्यांच्याजवळ, दोघांच्या वजनाने होडीचं बूड दबलेलं. मांडीपर्यंत पाणी. काकांनी अंगातला शर्ट काढून एका भोकात कोंबला आणि दुसऱ्यावर स्वतः बसले. तसेच काठाला लागलो. चौपाटीवर भेळ खाणारी माणसं उठून बघत होती. एक जण ओरडला, “ओ पावणं, आंघोळ झाली का?”

काकांनी शर्ट पिळून अंगात घातला आणि होडी बांधली. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर अव्वाने बूट बघितला आणि आत निघून गेली.

२० जुलै

मी फूट व्हॉल्व्हवाल्याची मुलगी आहे आणि मला एवढं कळलं नाही, की बाहेरचं पाणी आतल्या, पायाखालच्या फळीपेक्षा वर असेल तर ते आत येणारच. शाळेतल्या पोरालाही कळेल. वही पुन्हा उघडणार नाही.

२३ जुलै, गुरुवार

उघडली. म्हणजे, ती टेबलावर उघडीच पडलेली होती, भोकांच्या चित्राच्या पानावर. मी तर कपाटात ठेवली होती. झाडणाऱ्या बाईंनी काढली असेल. चित्राच्या बाजूला कुणाचा तरी ग्रीसचा अंगठा उमटला आहे. उघडी आहेच तर म्हटलं बसू.

२६ जुलै, रविवार

आज होडीत बसलेच नाही. काठावर बसले, बूट कोरडा ठेवून. टिटवी पाण्यात, भोकांना बुचं, आणि खडू काकांच्या हातात. रिकामी असताना पाण्याची रेघ मारली. मग काका आणि त्यांचा एक मित्र आत बसले, पुन्हा रेघ. रिकामी होडी असते तेव्हा आतली फळी बाहेरच्या पाण्यापेक्षा एक बोट वर. दोघं बसले की दोन बोटं खाली.

एवढंच! दोन बोटांचं भांडण.

ते दोघं सरकत सरकत पुढे आले तर मागची रेघ पाण्याच्या वर चढली. वीतभर पुढे सरकलं की एक बोट मिळतं. उरलेलं फळी उचलून मिळवायचं.

काकांना सांगितलं तर म्हणाले, “फळी उचलली की आपण उंच बसणार. उंच बसलं की होडी डुलणार.”

“चारच बोटं, काका.”

“चार बोटांत माणूस पाण्यात पडतोय पोरी.” पण नाही म्हणाले नाहीत.

काठावर फिरायला आलेल्या माणसांत पाठमोरे अप्पा दिसल्यासारखे वाटले. तशी टोपी बऱ्याच जणांची असते. अप्पा तर रविवारी मठात जातात.

४ ऑगस्ट, मंगळवार

चार दिवस नुसता फायबरचा वास. जुन्या फळीवर थर्माकोल, त्यावर प्लायवूड, त्यावर फायबर. पुढे चार बोटं उंच आणि मागे तीन, म्हणजे पाणी आपणहून मागे घसरेल. कोपरे गोल केले. सुकाणूच्या दांड्याला हातभर जोड दिला, पुढे बसूनही हाताशी यावा म्हणून.

आता भोकांना झडपा. पाणी बाहेर जाताना उघडायच्या, आत येताना मिटायच्या. आमचंच काम. ट्रकच्या ट्यूबचं रबर कापून लावलं. दोन दिवसांत त्याच्या कडा वळल्या आणि मधून पाणी झिरपायला लागलं. दुसरं कापलं, तेही वळलं. चिडचिड होते.

एक बरं झालंय. बुटाचं चामडं मऊ पडलंय, टोचत नाही. पावसाळी हवेने असेल. त्याला एरंडेलाचा वास मात्र येतोय. अव्वा घरात काय काय सांडत असते कोण जाणे.

११ ऑगस्ट, मंगळवार

नशीब म्हणतात ते हेच. सकाळी माझ्या टेबलावर कॅनव्हास घातलेल्या काळ्या रबराचा तुकडा पडलेला, ताठ आणि तरी लवचीक. पिराजीमामांना विचारलं तर त्यांनी छताकडे बघितलं. “कुणाच्या तरी ऑर्डरचं उरलं आसंल.” त्याहून मोठी गंमत, भंगाराच्या पेटीत गनमेटल धातूच्या दोन चौकटी सापडल्या. बहुतेक चुकीच्या ओतल्या म्हणून टाकलेल्या. आतलं तोंड बरोबर अडीच इंच. आणि त्या थोड्या तिरक्या आहेत, खालची कड बाहेर आलेली. तिरकं असल्यामुळे झडप स्वतःच्या वजनाने मिटून बसते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्याने चुकून ओतल्या त्याचं भलं होवो.

अप्पांना दाखवल्या. त्यांनी हातात घेऊन कड अंगठ्याने तपासली. म्हणाले, “बरी हाय. कानस मार जरा.” आणि लेथकडे गेले. माझ्या कामात त्यांना एवढाही रस नाही याचं वाईट वाटतं. पण आज नाही. आज मी खूश आहे.

१६ ऑगस्ट, रविवार

कोरडी! कोरडी! कोरडी!

काका, मी आणि मुद्दाम चढवलेलं वाळूचं एक पोतं. झडपा लावून धक्क्यापासून सुटलो. मी वाकून झडपांकडेच बघत होते. बाहेर पाणी, आत काही नाही. होडी उभी असताना थेंब थेंब येतं, तेवढंच. वारा भरला, टिटवी धावायला लागली, आणि काकांनी मुद्दाम तिला लाटेवर आडवी घातली. बदाबदा पाणी आत. मी मोजायला लागले. होडी धावते तेव्हा तिच्या मागे पाण्यात खड्डा पडतो, तो आतलं पाणी ओढून घेतो. काकांनी हे सांगितलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. झडपा टाळ्या पिटल्यासारख्या उघडत होत्या, फट फट फट. तिसाच्या आत फळी दिसली.

काकांनी डालड्याचा डबा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि रंकाळ्यात भिरकावून दिला. मग म्हणाले, “च्यायला, आता मी हातानं करू काय?”

मी म्हटलं, “मला सुकाणू शिकवा.”

२४ ऑगस्ट, सोमवार

तुळशी धरणावर शिडाच्या होड्यांची शर्यत आहे, १३ सप्टेंबरला. पुण्याच्या दोन, गोव्याच्या दोन, बेळगावची एक. काकांनी आपलं नाव दिलंय. मला न विचारता.

“काका, त्यांच्या होड्या नव्या आहेत.”

“आसू देत की. धरण जुनंच हाय.”

धरणावरचा वारा घाटातून येतो, त्याचा नेम नसतो म्हणे. भीती वाटते. घोट्यावर हात फिरवून बघितला. कातडं गुळगुळीत आहे.

उद्या गणपती. चार दिवस सराव नाही, काका गावी जाणार.

९ सप्टेंबर, बुधवार

अव्वाला सांगितलं. तिने बूट मागितला. उलटा करून आत हात घातला, अस्तर चाचपलं, नाकाला लावलं. बराच वेळ. मग म्हणाली, “डबा भरून देऊ का त्या दिवशी? काकास्नी खर्डा चालतोय न्हवं?”

मी मान हलवली.

१३ सप्टेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहायचं आहे.

सकाळी सात वाजता धामोडला धरणावर पोचलो. धरण काठोकाठ. डोंगरावर ढग उतरलेले. पुण्याच्या मुलांची होडी एवढी चकचकीत, की तिच्यात तोंड दिसेल. त्यातला एक टिटवीच्या मागे बसून झडपा वर करून बघत होता. “हे कुठून आणलं?” म्हणाला. मी म्हटलं, उद्यमनगर. त्याला कळलं नाही.

तेवढ्यात समोरून अप्पा! हातात छत्री, पायजमा चिखलाने भरलेला.

“अप्पा, तुम्ही इथं?”

“इथं एका पावण्याचा पंप बंद पडलाय. बघाय आलतो.”

“हत्यारांची पेटी?”

“इसरली.”

अप्पांचं आता वय झालं. रविवारी बिनहत्यारांचे पंप दुरुस्त करायला निघतात. म्हटलं, आलाच आहात तर थांबा. म्हणाले, “बघू. येळ मिळाला तर.”

नऊला सुटलो. तीन पिवळी पिंपं पाण्यात, त्यांना दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत आम्ही पाचवे. काका सुकाणूवर, मोठ्या शिडाची दोरीही त्यांच्याच हातात. मी पुढचं शीड. काका नुसते वाऱ्याचा वास घेत होते. दुसऱ्या फेरीला लागलो आणि डोंगराकडून पाणी काळं होत आमच्याकडे येताना दिसलं.

“पोरी, धर घट्ट.”

वाऱ्याबरोबरच पाऊस. होडी एका अंगावर गेली. मोठ्या शिडाची दोरी काकांच्या मुठीतून सरसर सुटली आणि तळहात सोलून गेली. रक्त. त्यांनी दोरी दुसऱ्या हाताला गुंडाळली आणि सुकाणूचा दांडा माझ्याकडे ढकलला.

“घे.”

“काका, मी—”

“घे म्हंतोय न्हवं!”

घेतला. पुढच्याच क्षणी लाट अख्खी आत आली. दोन्ही बूट पाण्यात, नडगीपर्यंत. एक क्षण मला खिडकी आणि विजेचा खांब दिसला, खरंच. मग सवयीने मोजायला लागले. एक, दोन, तीन. मागे फट फट फट. टिटवी जड झाली होती, ती हळूहळू उचलली जाताना दांड्यात जाणवत होतं. अठ्ठावीसला फळी दिसली. तेवढ्यात दुसरी लाट. पुन्हा एक, दोन, तीन.

डाव्या हाताला गोव्याच्या दोन्ही होड्या थांबलेल्या, शिडं सोडून दिलेली, चौघं बादल्यांनी उपसत होते. त्यापलीकडे पुण्याच्या दोन्ही, त्या चकचकीत होडीसकट, तळ्यासारख्या भरून उभ्या. तो सकाळचा मुलगा ओंजळीने पाणी काढत होता. मी बघायचं थांबवलं. शिडाकडे बघ, काकांनी शिकवलं होतं, माणसांकडे नाही. वारा चेहऱ्यावर कुठे लागतो ते बघ. शेवटच्या पिंपाला वळसा घातला. माझा दांडा, माझा वळसा. शीड दुसऱ्या अंगाला गेलं तेव्हा मी हाताने पाय उचलून नाही, आपोआप सरकले. कशी सरकले ते आता आठवत नाही.

“काका, आपल्या पुढं कोण हाय?”

काका मान उंच करून बघत होते. मी ओरडले, “काका! पुढं कोण हाय?”

“पुढं?” त्यांचा आवाज चिरकला. “पुढं पाणी हाय पोरी. नुसतं पाणी!”

काठावरून शिट्टी वाजली, माणसं ओरडायला लागली. आम्ही रेघ ओलांडली होती. आता शीड सोडायचं आणि धक्क्याकडे वळायचं. पाऊस थांबला होता, वारा मात्र होता, भरपूर, सरळ, एकसारखा. पायाखाली कोरडी फळी.

“संपली की गं शर्यत! वळीव!”

“वारा हाय अजून, काका.”

मी वळवली नाही. धरणाच्या त्या टोकापर्यंत गेलो, जिथं डोंगर पाण्यात उतरतो आणि एक बगळा बसला होता तिथपर्यंत. काका सोललेला हात छातीशी धरून हसत होते आणि मधे मधे डोळे पुसत होते. मी गात होते बहुतेक. काय गात होते ते विचारू नये.

परत आलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. गाड्या निघायला लागल्या होत्या. टेबलावर आमचा पितळी कप तेवढा उरला होता. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता, आणि अप्पा टेबलाजवळ स्वतः भिजत उभे होते. छत्री कपावर धरलेली.

“पितळ हाय,” म्हणाले. “भिजलं की डागतंय.”